ताण कुणाला आजारी पाडतो?

ताप येतो, सर्दी होते, कावीळ होते. टेन्शन मात्र मराठीत ‘घेतात’. ‘तू फार टेन्शन घेतेस गं’ असं म्हणताना त्या एका क्रियापदातच आपण निम्मा दोष समोरच्या बाईवर ठेवलेला असतो. घेतलंस तू, तर सोडही तूच. पण घरात कुणाला मानसिक आजार झाला की पहिलं कारण म्हणूनही हाच ताण पुढे येतो. ‘नोकरी गेली आणि त्याला डिप्रेशन आलं’, ‘बारावीच्या अभ्यासाने पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.’ एकदा ताण इतका क्षुल्लक की झटकून टाकावा, आणि एकदा इतका जबरदस्त की धडधाकट माणसाचं मन मोडावं. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

हे समजून घ्यायला मला गोव्यातला एक अभ्यास फार उपयोगी वाटतो. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००२ साली प्रसिद्ध केला. एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांशी ते शेवटच्या तिमाहीत बोलले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा भेटले आणि सहा महिन्यांनी परत एकदा. २३ टक्के बाळंतिणींना नैराश्याचा आजार झालेला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी पटत नव्हतं, त्यांना धोका जास्त होता. इथपर्यंत काही नवल नाही. पण बाळ मुलगा आहे की मुलगी, यावरही धोका ठरत होता. इतकंच नाही, नवऱ्याचा मार आणि पोटाची भूक यांचा मनावर होणारा परिणामसुद्धा बाळाच्या लिंगानुसार बदलत होता.

मार तोच, भूक तीच. पण मुलगा झाला तर सासरी पाय रोवायला जागा मिळते, आणि मुलगी झाली तर जी थोडी आशा होती तीही जाते. निदान मला तरी या निष्कर्षाचा अर्थ असाच लागतो. म्हणजे ताण मोजायचा तर काय घडलं एवढं विचारून भागत नाही. जिच्या आयुष्यात ते घडलं तिच्यासाठी त्याचा अर्थ काय, हेही विचारावं लागतं.

ताणाच्या घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण द्यायचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेत होम्स आणि रेही यांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची अशी यादी केली. तिच्यात सर्वांत वर होता जोडीदाराचा मृत्यू. आपल्याकडे १९८४ मध्ये गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी भारतीय माणसांसाठी वेगळी यादी बनवली. पहिला क्रमांक तिथेही जोडीदाराच्या मृत्यूचाच. पण मुलीचं किंवा बहिणीचं लग्न, हुंड्यावरून भांडण, मुलगा नसणं हेही तिच्यात आलं, कारण त्याशिवाय इथल्या माणसाचा ताण मोजताच येत नव्हता. तरीही यादी ती यादीच. दारू पिऊन रोज मारणारा नवरा गेला आणि चाळीस वर्षं साथ देणारा नवरा गेला, या दोन मरणांना ती सारखेच गुण देते.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी हा यादीचा मार्ग सोडला. कॅम्बरवेल भागातल्या बायकांशी त्यांच्या गटाने तपशिलात जाऊन मुलाखती केल्या, आणि घडलेली प्रत्येक गोष्ट त्या बाईच्या परिस्थितीत ठेवून तोलली. १९७८ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष नीट वाचण्यासारखा आहे. ज्यांना नैराश्य आलं, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या मागे एखादा मोठा आघात किंवा वर्षानुवर्षांची अडचण होती. उलट बाजूने बघितलं तर मात्र, ज्यांच्यावर असा आघात झाला त्यांच्यातल्या बहुतेक जणी आजारी पडल्याच नाहीत. मोठा आघात अनेकींवर झाला, मोडल्या थोड्या. आणि ज्या तगल्या त्यांच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसलेली गोष्ट म्हणजे मनातलं सगळं सांगता येईल असं जवळचं माणूस. मुख्यतः नवरा किंवा प्रियकर. पण ज्याच्यापाशी आड पडदा नाही असं कुणीतरी.

हे वाचलं की ‘आम्हीही सोसलंय, आम्हाला कुठे काय झालं?’ या वाक्याचा मला राग येतो. सोसणाऱ्यापाशी काय होतं, याचा हिशेब ते वाक्य कधी करत नाही.

आता शरीरात काय होतं ते पाहू. धोका दिसला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो. पिट्युटरी रक्तातून तो निरोप खाली पाठवते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे. तिथून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं. रक्तातली साखर वाढते, शरीर धावपळीला तयार होतं आणि ज्याची आत्ता घाई नाही ती कामं मागे पडतात. ही यंत्रणा वाईट नाही. ती नसती तर आपण आजारपणात किंवा अपघातात तग धरला नसता. रोज पहाटे उठायच्या सुमारास कॉर्टिसॉल आपोआप वाढतं आणि रात्री उतरतं.

खरं महत्त्व आहे ते थांबण्याला. गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो. पाणी भरत आलं की तो वर तरंगतो आणि नळ बंद होतो. तसंच रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलं की मेंदूला ते कळतं आणि मेंदू पुढचा निरोप थांबवतो. मेंदूचे अभ्यासक ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांवर दाखवलं की हे संप्रेरक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचं काम करणारा भाग, आणि नळ बंद करण्यातही त्याचा हात असतो. पण रोज दार वाजलं की वसुलीवाला आला असेल, रोज संध्याकाळी नवरा पिऊन येईल, अशी महिनोन्महिने भीती असेल तर टाकीचा नळ सतत चालू राहतो. पुढे बॉलच झिजतो. शरीराने सतत जुळवून घेताना होणाऱ्या या झिजेवर मॅकइवेन यांनी पुढे आयुष्यभर काम केलं.

याचा एक फार महत्त्वाचा पुरावा बंगळुरूहून आला. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. मग त्यांच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या होत्या. भीती ओळखणारा भाग म्हणजे अमिग्डाला. तिथे मात्र फांद्या वाढल्या होत्या. नंतर उंदरांना २१ दिवस स्वस्थ राहू दिलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डाला झाला नाही, आणि उंदरांचं बुजरेपणही गेलं नाही. याच गटाच्या आणखी एका प्रयोगात फक्त एकदाच, दोन तास जखडलेल्या उंदरांच्या अमिग्डालात दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही. बदल दिसला तो दहा दिवसांनी. उंदरावरून माणसाबद्दल फार बोलू नये हे खरं. पण ‘तेव्हा तर ती ठीक होती, आता काय झालं?’ असं एखाद्या बाईबद्दल कुणी विचारलं की मला हे दहा दिवस आठवतात.

मध्येच एक सांगतो, कारण हल्ली कॉर्टिसॉलच्या तपासण्या आणि ते ‘कमी करणारी’ चूर्णं यांच्या जाहिराती सारख्या दिसतात. नैराश्य असलेल्या काहींमध्ये कॉर्टिसॉल वाढलेलं असतं, सगळ्यांमध्ये नाही. मोठ्या आघातानंतरच्या आजारात तर ते अनेकदा नेहमीइतकं किंवा नेहमीपेक्षा कमीच आढळलं आहे. रक्तातलं कॉर्टिसॉल पाहून कुणालाही नैराश्याचं निदान करता येत नाही.

मग कुणी मोडतं आणि कुणी तगतं, ते कशामुळे? कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, फुटकी कौलं बदलतात. न शाकारलेलं घर मे महिन्यात गळत नाही. कौल फुटलंय हे कळायला मृगाचा पाऊस यावा लागतो. गळतीला कारण पाऊस की फुटकं कौल, हा वाद निरर्थक आहे. दोन्ही लागतात. आणि पाऊस ढगफुटीसारखा झाला तर शाकारलेलं छप्परही टिकत नाही. मानसोपचारात गेली साठेक वर्षं जो विचार धरून आहेत तो थोडक्यात असा: आधीपासूनची नाजूक जागा आणि वरून येणारा ताण यांची गाठ पडली की आजार दिसतो. एकाला आईवडिलांकडून आलेला धोका मोठा असतो, त्याला थोडा ताणही पुरतो. दुसऱ्याला तो कमी असतो, पण त्याच्यावर आभाळच कोसळतं.

ही नाजूक जागा बनते कशी? काही वाटा आनुवंशिक. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र आजारात, त्यांचा भाग मोठा, नैराश्यात कमी. पण स्किझोफ्रेनियातसुद्धा एका जुळ्याला आजार असताना तंतोतंत तीच गुणसूत्रं असलेल्या दुसऱ्या जुळ्याला अनेकदा तो होत नाही. २००३ साली एका विशिष्ट जनुकाच्या एका प्रकाराचा मोठा गाजावाजा झाला होता, की तो ज्यांच्याकडे आहे त्यांना ताणामुळे नैराश्य येतं. पुढे लाखो लोकांच्या माहितीवर ते तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. आनुवंशिक धोका असंख्य लहान लहान फरकांत विखुरलेला आहे. एखादी तपासणी करून तो हातावर ठेवता येईल असं सध्या तरी काही नाही.

काही वाटा जन्माआधीच्या असतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली आणि माणसांना दिवसाला हजार उष्मांकही मिळेनासे झाले. त्या उपासमारीच्या ऐन काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. आणि काही वाटा लहानपणच्या. अमेरिकेत साडेनऊ हजारांवर प्रौढांना लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारहाण असं काय काय वाट्याला आलं ते विचारलं गेलं. १९९८ च्या त्या अहवालात चार किंवा अधिक प्रकारची दुःखं भोगलेल्यांना नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. हे सगळं आठवून सांगितलेलं आहे, तेव्हा आकडे थोडे सैलच धरावेत. दिशा मात्र नंतरच्या अभ्यासांतही तीच राहिली.

प्रत्येक आजारात ताण एकाच पद्धतीने शिरत नाही, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथे.

बारावीच्या मुलाचं उदाहरण घ्या. हुशार मुलगा, अकरावीपासून मागे पडू लागतो. मित्र तुटतात, रात्रभर जागा असतो, खोलीचं दार लावून बसतो. परीक्षा बिघडते आणि दोन महिन्यांनी त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. घरचे म्हणतात, नापास झाल्याचा धक्का बसला. पण क्रम बघा. स्किझोफ्रेनिया बऱ्याचदा असाच, महिनोन्महिने, चोरपावलांनी येतो. अभ्यास सुटला तो बहुधा सुरू झालेल्या आजारामुळे. ताणाने आजार येतो हे जितकं खरं, तितकंच आजार ताण ओढवून आणतो हेही खरं. नोकरी जाणं, भांडणं, कर्ज, मोडलेलं लग्न यांतलं पुष्कळसं आधीपासून असलेल्या आजाराचं फळ असतं. परीक्षेलाच कारण धरलं की ‘कॉलेज सोडव, गावी पाठव, बरा होईल’ असं ठरतं आणि औषध सुरू व्हायला वर्ष जातं.

दुसरा सल्ला याहून घातक: ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.’ नवं घर, नवी माणसं, लपवलेल्या गोळ्या, नीट न होणारी झोप, आणि काहीही न सांगता त्यात आणलेली दुसऱ्या घरची मुलगी किंवा मुलगा. कमी होण्याऐवजी ताण दुपटीने वाढवणारा याहून पक्का उपाय मला माहीत नाही. सावरलेल्या माणसाने, जोडीदाराला सगळं सांगून, औषध चालू ठेवून लग्न करणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

स्किझोफ्रेनियात ताणाचा हात जास्त स्पष्ट दिसतो तो आजार उलटण्यात. बरा होऊन घरी आलेल्या माणसाला सतत टाकून बोललं, तिरस्कार केला, किंवा काळजीपोटी क्षणभरही मोकळं सोडलं नाही, तर आजार परत यायचा धोका वाढतो. हे आधी लंडनमध्ये दिसलं. चंदीगडमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा असं वातावरण असलेली कुटुंबं तिथे लंडनपेक्षा कमी निघाली. याचा अर्थ घरच्यांनी आजार दिला असा मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला काही तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं खापर आयांवर फोडलं होतं. त्याला पुरावा नव्हता, आणि कितीतरी आयांनी तो डाग उगाच वागवला.

बायपोलर आजारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद येणाऱ्या आजारात, नाजूक जागा म्हणजे झोप. रात्रपाळी, लग्नघरातली लागोपाठ जागरणं, लांबचा प्रवास, बाळंतपणानंतरच्या रात्री. झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो. त्या घरात रात्रीची झोप औषधाइतकीच जपावी लागते. नैराश्यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या खेपेला बहुतेकदा मागे मोठी घटना सापडते, पण खेपा वाढत गेल्या की तेवढं मोठं निमित्त लागत नाही. ‘आता काय झालं तुला? सगळं तर नीट चाललंय’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं, कारण खरोखरच बाहेर काही घडलेलं नसतं.

ज्याच्या व्याख्येतच घटना आहे असा आजार म्हणजे आघातानंतरचा, पीटीएसडी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत तो १९८० मध्ये आला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती, चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीची घरं अंगावर आली. अशा रात्रीनंतर झोप न लागणं, जरा आवाज झाला की दचकून बाहेर पळणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ते ओसरतं. त्याला आजार म्हणायची घाई करू नये. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, माणूस त्या जागेजवळून जाणंही टाळू लागला, तर मात्र उपचार हवेत. आणि आघात झाल्या झाल्या एकेकाला बसवून ‘काय पाहिलंस ते सगळं सांग’ असं वदवून घेणं उपयोगाचं नाही. एकेकाळी ही पद्धत सर्रास होती. तपासल्यावर ती फायद्याची निघाली नाही, काहींना उलट त्रासच झाला. आधी पाणी, निवारा, आपली माणसं कुठे आहेत याची खबर. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, तेव्हा ऐकायला कुणीतरी असावं.

आता उपायांकडे, आणि परत गोव्याकडे. पण त्याआधी एक जुना प्रयोग. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला होता. टाळता न येणारे विजेचे झटके बसलेले बरेच कुत्रे, पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही पडून राहिले. त्यांनी याला ‘शिकलेली हतबलता’ म्हटलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूतल्या नव्या माहितीवरून त्याच दोघांनी स्वतःचं म्हणणं फिरवलं. दीर्घ त्रासात गळून जाणं हा सस्तन प्राण्याचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने नैराश्यावर जो उपचार तपासून पाहिला, त्याचं सूत्र याच्याशी जुळतं. आजार तीव्र झालेल्या माणसांना आठवड्याला एकदा भेटायचं, एकूण सहा ते आठ वेळा. भेटणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. भेटीत मिळून ठरवायचं, की सुटलेल्या कामांतलं कोणतं एक या आठवड्यात परत धरायचं. सकाळी अंगणापर्यंत जाणं, बहिणीला फोन, बंद पडलेलं शिवणकाम. इच्छा झाली की करीन असं म्हणत थांबायचं नाही, आधी करायचं. २०१७ मध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. थोडे सुधारलेले नेहमीचे उपचारच मिळालेल्यांत ३९ टक्के. आणि ज्याची मी तरी अपेक्षा केली नसती ते असं, की या गटातल्या बायकांमध्ये नवऱ्याच्या हातच्या मारहाणीचं प्रमाणही कमी निघालं.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही आणि मारणाऱ्या नवऱ्याचा हात बाईच्या औषधाने आवरला जात नाही. ते काम कायद्याचं, पैशाचं, घरातल्या इतरांचं आहे. पण दोन आठवडे झोप, भूक, गोडी गेलेली असेल, कामं होत नसतील, तर ‘कारण आहे ना, मग वाईट वाटणारच’ म्हणून थांबू नये. कारण असलं म्हणून आजार खोटा ठरत नाही आणि औषधाला किंवा उपचाराला दाद देत नाही असंही नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.

गोव्यातल्या त्या बाळंतिणींबद्दलचा एक आकडा मी शेवटी ठेवला आहे. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आढळलं, त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा बऱ्यापैकी त्रास होत होता. बाळ मुलगा की मुलगी हे कळायच्याही आधी. तेव्हा त्या रुग्णालयात येतच होत्या. गरोदर बाई तपासणीला आली की तिचं वजन घेतात, रक्तदाब पाहतात, रक्त कमी आहे का ते तपासतात. त्याच बाकावर, नवऱ्याला आणि सासूला दोन मिनिटं बाहेर थांबवून, आणखी तीन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत मन सारखं उदास असतं का? पूर्वी आवडायचं त्यात आता जीव रमतो का? आणि घरी कुणी हात उचलतं का?